शिवेच्या दोन्ही बाजूंना

मुंबईत ज्याला सगळे सायन म्हणतात त्या स्टेशनचं मराठी नाव शीव. शीव म्हणजे गावाची हद्द. मुंबई बेट इथं संपायचं आणि पलीकडे साष्टी लागायची. आज शीव शहराच्या पोटात आहे. १९५० साली महापालिकेची हद्द उपनगरांत सरकली, १९५७ साली ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि जकातीचे नाकेही तिच्याबरोबर तिकडे गेले. २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात संपली. तरी मुलुंडच्या रिक्षावाल्याला नुसतं ‘चेकनाका’ म्हटलं की आजही पुरतं. हद्द जितक्या वेळा पुढे सरकली तितक्या वेळा तिच्या पलीकडे नवं गाव फुगलं. त्याची नगरपालिका वेगळी, आराखडा वेगळा, कराची पावती वेगळी. लोकल मात्र तीच आणि भरतीचं पाणी घेणारी खाडीही तीच.

हे पुस्तक अशा शिवांविषयी आहे. एका स्थानिक संस्थेच्या हद्दीत न मावणाऱ्या गोष्टींचं, म्हणजे पाण्याचं, कचऱ्याचं, रस्त्यांचं, घरांचं आणि शेतजमिनीचं नियोजन कुणी करायचं आणि कसं करायचं, हा त्याचा विषय.

‘प्रादेशिक’ म्हटलं की मराठी वाचकाला आधी अनुशेष आठवतो. विदर्भ, मराठवाडा, दांडेकर समिती, वैधानिक विकास मंडळं. तो प्रश्न मोठा आहे आणि त्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आमचा ‘प्रदेश’ त्याहून लहान आहे. एक मोठं शहर, त्याच्या शेजारची लहान शहरं आणि त्यांच्या मधली गावं यांचा एकत्र संसार म्हणजे हा प्रदेश. त्यात राहणारा माणूस बदलापूरला झोपतो, ठाण्यात नोकरी करतो, त्याची मुलगी नवी मुंबईत कॉलेजला जाते आणि आई कल्याणच्या दवाखान्यात दाखल असते. रोजच्या जगण्यात तो चार स्थानिक संस्थांचा रहिवासी असतो, पण मत एकाच ठिकाणी देतो. प्रदेशाला नकाशा आहे, मतदार नाही. या क्षेत्रातल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात, असं माझं मत आहे.

नगररचनेच्या कामाला लागलो त्या वर्षी शेजारच्या दोन संस्थांच्या विकास आराखड्यांची शीटं टेबलावर जोडून लावायला मला बसवलं होतं. एका शीटवर तीस मीटरचा डीपी रोड हद्दीपर्यंत ठसठशीत आला होता. दुसऱ्या शीटवर नेमक्या त्याच जागी शाळेचं आरक्षण होतं. मी स्केल तपासलं, शीट फिरवून पाहिली. चूक कुठेच नव्हती. दोन्ही आराखडे कायद्याप्रमाणे, हरकती-सूचना घेऊन मंजूर झालेले होते. शेजारी बसलेले जुने आरेखक म्हणाले, “हद्दीपलीकडे शीट कोरीच असते, साहेब. तिथं काय आहे ते काढायचं नसतं.” खरंच, जाड तुटक रेषेच्या पलीकडचा कागद पांढरा होता. त्या पांढऱ्या जागेत माणसं राहत होती, विहिरी होत्या, ओढा होता. ते टेबल मी अजून विसरलेलो नाही.

प्रादेशिक नियोजनाच्या शास्त्राचा एक पूर्वज आपल्या ओळखीचा निघतो. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ मध्ये भारतात आला, गावोगाव पायी फिरला आणि १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवत होता. त्याच्यानंतर त्या विभागाची धुरा त्याचेच विद्यार्थी गोविंद सदाशिव घुर्ये यांनी उचलली. गेडीस म्हणायचा, शहर समजून घ्यायचं तर डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचं खोरं एका दमात बघा. वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, मध्ये धनगर आणि शेतकरी, खाली कोळी, आणि या सगळ्यांच्या देवाणघेवाणीतून झालेलं शहर. एकमेकांत मिसळत गेलेल्या शहरांच्या पुंजक्याला इंग्रजीत आज जो शब्द रूढ आहे, तो १९१५ मध्ये त्यानेच घडवला. खोपोली ते वसई हा पट्टा पाहायला तो आज असता, तर त्याला नवा शब्द शोधावा लागला नसता.

गेडीसच्या विचारांवर अमेरिकेत लुई ममफर्ड आणि त्याचे सोबती वाढले. न्यूयॉर्क परिसराचा १९२९ चा मोठा आराखडा आला तेव्हा ममफर्डने त्यावर कडाडून टीका केली. हा आराखडा गर्दी वाटून देत नाही, तिला फक्त वाट करून देतो, असा तिचा गाभा होता. मेट्रोच्या प्रत्येक नव्या मार्गाची बातमी वाचताना मला ती टीका आठवते. जर्मनीत रूरच्या कोळसापट्ट्यातल्या नगरपालिकांनी १९२० मध्येच एकत्र येऊन हिरव्या जागा आणि वाहतूक यांसाठी संयुक्त संघ उभारला होता. टेनेसी खोऱ्याचं प्राधिकरण १९३३ चं, आणि त्याच्या धर्तीवर आपलं दामोदर खोरे महामंडळ १९४८ चं. लंडनभोवती हरितपट्टा आणि त्याबाहेर नवी गावं, ही अ‍ॅबरक्रॉम्बीची १९४४ ची मांडणी. सिडकोच्या नवी मुंबईपर्यंत येऊन पोचलेली कल्पना तीच.

दुसरी परंपरा भूगोल-अर्थशास्त्राची. क्रिस्टालरने १९३३ मध्ये बाजारगावांची उतरंड मांडली, फ्रान्सच्या पेरूने १९५५ मध्ये वाढीची केंद्रं सांगितली. एका जागी उद्योग रुजवा, फळं आजूबाजूला पोचतील, हा विश्वास आपल्या औद्योगिक वसाहतींच्या मुळाशी आहे. वसाहतींनी रोजगार दिला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण फळांबरोबर सांडपाणीही आजूबाजूला पोचलं आणि त्याचा हिशेब कुठल्याच केंद्राच्या वहीत नव्हता.

तिसरा धागा कारभाराच्या वादाचा आहे आणि या पुस्तकाला तोच सर्वांत जवळचा. एक बाजू म्हणते, प्रदेश एक असेल तर सत्ताही एक हवी. लंडनने १९६५ मध्ये बृहद् परिषद केली, १९८६ मध्ये ती मोडली आणि २००० साली निवडून येणाऱ्या महापौरासह पुन्हा प्रदेशाची संस्था उभी केली. दुसरी बाजू व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम, टीबू आणि वॉरन यांनी १९६१ मध्ये मांडली. लहान संस्था खुशाल असू द्या, त्या आपसांत करार करतील, स्पर्धा करतील, भांडणंही सोडवतील. एलिनॉर ऑस्ट्रॉमने पीएच.डी.साठी दक्षिण कॅलिफोर्नियातलं एक भूजलखोरं अभ्यासलं. अनेक शहरं आणि कंपन्या एकाच भूजलातून उपसा करत होत्या, समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं आणि खोऱ्याची हद्द कुठल्याही एका पालिकेच्या हद्दीशी जुळत नव्हती. त्या सगळ्यांनी संघटना केली, कोर्टात तडजोड केली, उपशावर मर्यादा घालून घेतल्या. त्यासाठी कुणी कुणाला गिळलं नाही. पुढे २००९ मध्ये तिला नोबेल मिळालं, त्या विचाराची सुरुवात या खोऱ्यात आहे.

आपल्याकडचा इतिहास मला जरा सविस्तर सांगायचा आहे, कारण तो आपल्यालाच माहीत नसतो. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, देशातला पहिला. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पालिकेला विकास आराखडा सक्तीचा केला, पण तो तिच्या हद्दीपुरता. त्याआधीच १९४८ मध्ये अभियंता नानासाहेब मोडक आणि अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडून शहराच्या बाहेर बघायला सांगितलं होतं. हेच मोडक वैतरणेच्या धरणाचे शिल्पकार, त्यांच्या नावावरून मोडकसागर. १९५८ मध्ये नेमलेल्या स. गो. बर्वे अभ्यासगटाने खाडीपलीकडे वसाहत सुचवली. मग १९६५ साली दोन गोष्टी घडल्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. आणि राज्य सरकारने धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई-पनवेल आणि पुणे या महानगर प्रदेशांसाठी समिती नेमली.

गाडगीळ हे गोखले संस्थेचे. पुण्याची घरोघर पाहणी करून शहराचं अर्थकारण मांडणारा हा माणूस. शहर आणि त्याचा शेतीप्रदेश यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हे त्यांना आकड्यांतून कळलेलं होतं. समितीच्या शिफारशींपाठोपाठ महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आला. नावात ‘प्रादेशिक’ हा शब्द आधी आहे, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली, दुसरी १९९९ मध्ये आणि तिसरी २०२१ मध्ये. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २६ जानेवारी १९७५ ला स्थापन झालं. आज या प्रदेशात नऊ महापालिका, अनेक नगरपरिषदा आणि शेकडो ग्रामपंचायती आहेत. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या वर होती.

कायदा होता, प्राधिकरण होतं, योजना होती. मग शीट कोरी का राहिली? याचं उत्तर कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांत मिळतं. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा ही गावं आत घेतली गेली. कर आला, सोयी आल्या नाहीत, असं म्हणत गावकऱ्यांनी आंदोलन केलं आणि २००२ मध्ये गावं बाहेर पडली. २००६ मध्ये त्यांचं नियोजन प्रादेशिक प्राधिकरणाकडे गेलं. २०१५ मध्ये गावं पुन्हा महापालिकेत आली. २०२० मध्ये त्यांतली अठरा वगळून स्वतंत्र नगरपरिषद करायचं ठरलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. घर बांधायचं तर परवानगी कुणाकडून घ्यायची, हे या सदतीस वर्षांत किती वेळा बदललं ते मोजावं. या काळात तिथं इमारती उभ्या राहतच होत्या. आत-बाहेरचा वाद सुटण्याची वाट बिल्डरने पाहिली नाही. पाणी आणि गटार मात्र वाट पाहत राहिली.

हद्दवाढ म्हणजे प्रादेशिक नियोजन, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि ती मोडणं हा या पुस्तकाचा एक हेतू आहे. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. १९७२ मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून हद्द वाढवायचा विषय निघतो आणि गावं विरोधात उभी राहतात. २०१७ मध्ये बेचाळीस गावांसाठी वेगळं प्राधिकरण काढून मधला मार्ग शोधला गेला, तरी वाद मिटला नाही. गावकऱ्यांना अडाणी किंवा स्वार्थी ठरवणं सोपं आहे. पण ते काय पाहून विरोध करतात? फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं पुण्याच्या हद्दीबाहेर होती तेव्हा १९९० च्या दशकापासून पुण्याचा कचरा तिथं जात होता. विहिरींचं पाणी गेलं, माश्या घर सोडेनात, मुलींची लग्नं जमेनात, हे तिथल्या बायकांनी आंदोलनात उघड सांगितलं. २०१७ मध्ये गावं महापालिकेत आली, पुढे त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. हद्द दोनदा बदलली, डेपो जागच्या जागी आहे.

पाण्याचंही तसंच. मुंबईला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं आणि त्याचा मोठा वाटा तानसा, भातसा, वैतरणा इथून येतो. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापुरातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकर येतो. जलवाहिनी गावाच्या अंगणातून जाते, तिला कान लावला तर आत पाणी घुमताना ऐकू येतं, आणि बाजूने हंडे घेतलेल्या बाया चालत असतात. मुंबईने पाणी घेऊ नये असं कुणी म्हणत नाही. धरणाच्या बदल्यात धरणाच्या गावाला काय, हे विचारायला शहापूरची बाई कुठल्या सभेत जाईल? मुंबईच्या सभागृहात तिचा नगरसेवक नाही.

वालधुनी नदी पाहिली की हा विषय डोळ्यांसमोर उभा राहतो. काकोळेच्या डोंगरात तिचा उगम. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून ती येते, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण अशा तीन संस्थांमधून जाते आणि उल्हासला मिळते. उगमाजवळच्या रेल्वेच्या जुन्या बंधाऱ्यात पाणी स्वच्छ आहे. तिथून काही किलोमीटर खाली पुलावर मात्र चित्र वेगळं असायचं. जीन्सच्या धुलाईने पाणी एक दिवस निळं, दुसऱ्या दिवशी काळपट दिसायचं आणि नाक दाबल्याशिवाय पूल ओलांडता यायचा नाही. प्रत्येक संस्थेकडे आपापल्या तुकड्याची नालेसफाईची निविदा असते. नदीची निविदा कुणाकडेच नसते. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, तेव्हा राज्याला पहिल्यांदा या खोऱ्याचं नाव कळलं. खोऱ्याचा पूर आला, खोऱ्याचं नियोजन अजून यायचं आहे.

या सगळ्या गुंत्याच्या मुळाशी पैसा आहे. जकातीमुळे मुंबईच्या मालाची गोदामं भिवंडीभोवतीच्या गावांत गेली. माल मुंबईचा, ट्रक देशभरचे, रस्ते ग्रामपंचायतीचे. जकात गेल्यावरही गोदामं तिथंच आहेत आणि वाढली आहेत. मिनेसोटात मिनियापोलिस आणि सेंट पॉलभोवतीच्या सगळ्या नगरपालिकांसाठी १९७१ मध्ये कायदा झाला. व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेच्या करपायात त्यानंतर जी वाढ होईल, तिचे चाळीस टक्के सामायिक खात्यात जायचे आणि ज्या गावांचा करपाया तोकडा त्यांना जास्त मिळायचे. मॉल कुणाच्या हद्दीत आला यावरून होणारी ओढाताण त्याने कमी झाली. आपल्याकडे असा प्रयोग व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि हे पुस्तक संपादित करण्यामागे ती इच्छा आहे हे लपवण्याचं कारण नाही.

प्रदेशाच्या एकत्रित नियोजनाची सोय राज्यघटनेने केलेली आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीत दहा लाखांवरच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडून द्यायचे. प्रदेशाला मतदार मिळवून देणारा हा आपला एकमेव दरवाजा. तो किलकिला राहिला. प्राधिकरणांकडे पैसा आणि अभियंते आहेत, समितीकडे लोकांचं प्रतिनिधित्व आहे, आणि दोघांची गाठ घातली जात नाही. २०२२ नंतर काही वर्षं बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते. नगरसेवकच नसतील तर समितीवर निवडून कोण येणार?

आणि नेमक्या याच काळात निर्णय मात्र सर्वांत मोठे झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उरण-पनवेल मुंबईच्या दारात आलं. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेणमधल्या १२४ गावांवर नवं शहर वसवायचं ठरलं. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. त्या गावांतल्या म्हाताऱ्यांना दुसरी मुंबई कशी झाली ते आठवतं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. आज देशभर भूसंपादनात विकसित जमीन परत देण्याची जी चर्चा होते, तिच्या मुळाशी त्या शेतकऱ्यांचं रक्त आहे. नवं शहर आखणाऱ्याने हा धडा पहिल्या पानावर ठेवावा.

लोकांना नकाशा कळत नाही, असं माझे काही सहकारी म्हणतात. त्यांना मी गोव्याकडे बोट दाखवतो. तिथं २०११ सालापर्यंतची प्रादेशिक योजना २००७ मध्ये जनआंदोलनानंतर मागे घ्यावी लागली. नव्या योजनेसाठी नेमलेल्या कृती दलात चार्ल्स कोरिया होते आणि गावागावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले. लोकांनी आपले झरे, खाजणं, देवराया त्यावर दाखवून दिल्या. ती योजनाही पुढे २०१२ मध्ये स्थगित झाली, तो राजकारणाचा भाग. पण खाजण कुठं आहे हे सांगायला गावाला पदवी लागली नाही.

हे पुस्तक नगररचनेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तितकंच नगरसेवकांसाठी, सरपंचांसाठी आणि आराखड्यावर पहिल्यांदा हरकत लिहायला बसलेल्या माणसासाठी आहे. लेखकांत अभियंते आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, चळवळीत पाय झिजवलेल्या बायका आहेत. त्यांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. काहींना एकच बलाढ्य प्राधिकरण हवं आहे, काहींना खोऱ्यांच्या समित्या. मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे, पण पहिल्यांचे लेख मी जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण पुण्यात पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची बससेवा २००७ मध्ये एक झाली नसती तर प्रवाशाला आजही हद्दीवर उतरावं लागलं असतं, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. सगळे प्रश्न इथं सुटलेले नाहीत. प्रदेशाच्या शेतीचं काय करायचं, यावर आमच्याकडे हवं तेवढं साहित्य जमलं नाही आणि ती या पुस्तकाची उणीव आहे.

नकाशांसाठी आम्ही सर्वांत जास्त वेळ घेतला. त्यांत नद्या आणि ओढे जाड निळ्या रेघेत आहेत, गावठाणं भरीव ठिपक्यात, पालिकांच्या हद्दी बारीक करड्या रेघेत. प्रत्येक शीटवर हद्दीच्या पलीकडे किमान पाच किलोमीटरपर्यंत जे आहे ते सगळं काढलं आहे: विहिरी, शाळा, कचऱ्याचे डेपो, जलवाहिन्या. कोरी जागा एकाही शीटवर नाही. आपलं गाव सापडलं नाही तर सूचीत बघावं, ती गावाच्या नावाने लावली आहे आणि प्रत्येक नावापुढे महापालिका-ग्रामपंचायतीच्या आधी नदी लिहिली आहे.